यातली नवरी कोण? : मराठी पडद्यावरचं सोंग आणि स्वरूप

(पांढरकवडा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, लोकप्रिय माध्यमांतले समलिंगी आणि तृतीयपंथी. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानावर काही नाही का?" मी म्हटलं, हे तत्त्वज्ञानच आहे. 'मी कोण' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसेल तर मग कुणाचा? ते हो म्हणाले, त्यांचे आभार. आणि तुम्ही इतके जण आलात, समोर माझे काही जुने विद्यार्थी बसलेले दिसताहेत, त्यांचेही आभार.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करतो. २०१७ च्या डिसेंबरअखेर यवतमाळात एक समारंभ झाला. यवतमाळचाच एक तरुण, परदेशात नोकरी करणारा. त्यानं आपल्या जोडीदाराशी, म्हणजे दुसऱ्या एका पुरुषाशी, आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर लग्न लावलं. लपवलं नाही. जानेवारीत बातम्या आल्या. लक्षात घ्या, तेव्हा कलम ३७७ लागू होतं. ते मोडीत काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, म्हणजे त्याला अजून आठ महिने अवकाश होता.

त्या दिवसांत मी इथं पांढरकवड्यालाच एका नातेवाइकाकडे आलो होतो. सकाळी कटिंगच्या दुकानात बसलो होतो. पेपर हातोहात फिरत होता. एकानं ती बातमी मोठ्यानं वाचली. सगळे गप्प. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "मंग यातली नवरी कोन?" आणि अख्खं दुकान हसलं.

मी त्या माणसाला दोष द्यायला उभा नाही. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात लग्नाचं जे चित्र होतं त्यात दोन पुरुष बसत नव्हते, आणि एकाला लुगडं नेसवल्याशिवाय ते त्याला दिसेना. माझा प्रश्न वेगळा आहे. दोन पुरुषांची गोष्ट ऐकली की त्यातल्या एकाला लगेच लुगडं नेसवायचं आणि मग हसायचं, ही सवय आपल्याला कुठून लागली? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ती आपल्याला आपल्याच आवडत्या करमणुकीनं लावली. त्या करमणुकीचा मीही प्रेक्षक होतो, म्हणून आजचं बोलणं हे थोडंफार स्वतःवरचं टीकालेखनही आहे.

आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे, सोंग. बहुरूपी सोंग घेतो, भारुडात सोंग येतं, दशावतारात सोंगं नाचतात. आपल्या विदर्भात खडी गंमत आहे, दंडार आहे. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी रात्र रात्र जागून पाहिली असेल. त्यात बाई कोण व्हायचं? गावातलाच एखादा पोऱ्या. लुगडं नेसायचा, घुंगरू बांधायचा, नाचायचा. सकाळी तोच पोऱ्या वावरात कापूस वेचताना दिसायचा. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. का? कारण सगळ्यांना ठाऊक होतं की लुगड्याखाली 'खरा' पुरुष आहे. सोंग हे सोंग आहे याची हमी होती.

शहरी रंगभूमीवर हेच मोठ्या थाटात झालं. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, यांची लुगडी नेसायची ढब, केसांतला गजरा, चालणं, यांचं अनुकरण घरंदाज बायका करत. एक पुरुष महाराष्ट्राच्या बायकांना बाईपण शिकवत होता! आपण त्यांना मान दिला आणि तो योग्यच होता. पण त्या मानामागची अट पाहा. बाईपण रंगमंचावर, आणि मेकअप उतरला की पुरुष. ही अट मोडली असती तर मान टिकला असता का, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला नाही.

अट मोडल्यासारखी वाटली की काय होतं, ते गणपत पाटलांच्या आयुष्यात दिसतं. माझ्या पिढीला तमाशापट म्हटलं की ढोलकी, फड, पाटील आणि गणपत पाटलांचा नाच्या हे सगळं एकत्रच आठवतं. मान वेळावणं, हात नाचवणं, तो आवाज. थिएटरात ते पडद्यावर आले की शिट्ट्या पडायच्या. प्रत्यक्षात चारचौघांसारखा संसारी माणूस. पण लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या घरापर्यंत नेलं, आणि त्याचा मनस्ताप त्यांच्या कुटुंबालाही झाला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'रंग नाच्याचे' आहे. २००८ साली ते गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, आपण नाच्यावर प्रेम केलं, पण घरात घेतलं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. गणपत पाटलांना जो त्रास झाला तो 'चुकून' झाला, ते तसे नव्हते, अशी आपण हळहळ व्यक्त करतो. पण जे खरोखर तसे होते त्यांचं काय? थिएटरात अंधारात बसून तो हशा ऐकणारा एखादा पोरगा? त्याच्यासाठी आपण हळहळलो नाही, कारण त्याच्या बाबतीत आपल्या मते चूक काही झालेलीच नव्हती.

आता 'अशी ही बनवाबनवी' घेऊ. १९८८ चा सिनेमा. नाव घेतल्याबरोबर तुम्ही हसलात, मीही हसतो, आजही टीव्हीवर लागला की उठवत नाही. राहायला जागा मिळत नाही म्हणून दोघं बायका होतात. सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती. विनोद अव्वल आहे. त्याची मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी सिनेमातली. आणि गंमत बघा, बरोबर वीस वर्षांनी, २००८ साली, हिंदीत 'दोस्ताना' आला. त्यातही दोन पुरुषांना जागा हवी आहे. या वेळी ते साडी नेसत नाहीत, आपण समलिंगी जोडपं असल्याचं नाटक करतात. वीस वर्षांत काय बदललं? लुगड्याच्या जागी 'गे' हा शब्द आला. सोंग मात्र तेच, आणि कारणही तेच, भाड्याचं घर! या देशात भाड्याच्या घरासाठी माणूस काहीही होतो, एवढं एक सत्य दोन्ही सिनेमांतून सिद्ध होतं.

हसून झालं असेल तर आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही, याचा मी बरीच वर्षं विचार केला.

१९८९-९० चं साल असेल. मी एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता, खेड्यावरून यायचा. बोलणं मऊ, चालणं थोडं वेगळं. हुशार होता. 'बनवाबनवी' गावोगाव जोरात चाललेला काळ. पोट्ट्यांनी त्याचं नाव 'पार्वती' ठेवलं. मला ते ठाऊक होतं. एक दिवस मी हजेरी घेत होतो. त्याचं नाव घेतलं, आणि तो तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "पार्वती हजर!" वर्ग हसला. आणि मित्रहो, मीही हसलो. फार नाही, थोडासा. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हसत होतो.

नंतर तो माझ्या तासाला बसला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं मी काट मारत राहिलो. पुढं तो कॉलेजातूनच गेला. तो समलिंगी होता, तृतीयपंथी होता की नुसताच मऊ बोलणारा मुलगा होता, मला आजही माहीत नाही. मी विचारलंच नाही. सिनेमानं दिलेलं एक नाव तेवढं मला माहीत होतं, आणि मला ते पुरेसं वाटलं. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी, पण पुराव्याशिवाय निष्कर्ष काढून मोकळा झालो.

त्यात सिनेमाचा गुन्हा काय, असं तुम्ही विचाराल. सचिन किंवा लक्ष्मीकांत यांनी त्या पोराचं काय वाईट केलं? काहीच नाही. एक सिनेमा कुणाचं काही बिघडवत नाही. पण पन्नास वर्षं पडद्यावर एकच चित्र दिसत राहिलं, दुसरं कधी दिसलंच नाही, तर त्या एका चित्राचं हत्यार होतं. पुढं टीव्हीवर विनोदी कार्यक्रमांचं पीक आलं. 'चला हवा येऊ द्या' घराघरात पोचला, आणि त्यातही साडी नेसलेला पुरुष हा हमखास हशाचा मसाला राहिला. काम करणारे नट गुणी होते. माझा आक्षेप साडीला नाही. साडीतला पुरुष हशाखेरीज दुसऱ्या कशासाठी पडद्यावर यायचाच नाही, याला आहे.

आता कुणी म्हणेल, सर, विनोद सोडा, गंभीर सिनेमेही झाले की. झाले. दोन फार ताकदीचे झाले. 'जोगवा' आणि 'नटरंग'.

राजीव पाटील यांचा 'जोगवा', २००९. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. उपेंद्र लिमये यांनी तायप्पा केला, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता. धर्माच्या नावाखाली एका तरुणाला जोगता करतात, लुगडं नेसवतात. त्याची घुसमट पाहवत नाही. 'नटरंग' पुढच्याच वर्षीचा, २०१० चा. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधव यांचा. अतुल कुलकर्णी यांचा गुणा पहिलवानी अंगाचा गडी. त्याला राजाची भूमिका करायची असते, पण फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो नाच्या होतो. मग अवहेलना, अत्याचार, घर तुटणं.

दोन्ही सिनेमांनी आपल्याला रडवलं. पण आपण कुणासाठी रडलो? ज्याच्यावर लुगडं लादलं गेलं त्या पुरुषासाठी. त्याची शोकांतिका अशी की तो 'खरा पुरुष' असून त्याला कुणी पुरुष मानत नाही. तायप्पाची सुटका म्हणजे काय, तर त्याचं पुरुषपण त्याला परत मिळणं आणि एका बाईवरचं त्याचं प्रेम फळाला येणं. अन्यायाची ही कथा खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्याच जोगत्यांमध्ये, त्याच फडांमध्ये अशीही माणसं होती आणि आहेत, ज्यांच्यावर लुगडं लादलेलं नव्हतं. ज्यांच्यावर शर्टपँट लादलेली होती. लुगडं नेसल्यावर ज्यांना पहिल्यांदा मोकळा श्वास आला. त्यांची गोष्ट त्या पडद्यावर मध्यभागी आली नाही.

म्हणजे मांडणी अशी होते. बालगंधर्वांचं लुगडं कलेसाठी, सुधा-पार्वतीचं घरासाठी, गुणाचं फडासाठी, तायप्पाचं देवीसाठी. लुगड्याला दर वेळी काहीतरी बाहेरचं कारण लागतं. 'मला नेसावंसं वाटतं, कारण मी अशीच आहे', एवढं साधं कारण मराठी पडद्याला कितीतरी वर्षं चाललं नाही. सोंग चाललं, स्वरूप चाललं नाही.

याचा पुरावा हवा असेल तर १९९८ आठवा. दीपा मेहतांचा 'फायर' आला. दोन जावा एकमेकींच्या जवळ येतात. त्यात कुणी कुणाचं सोंग घेतलेलं नाही, दोघी साड्यांतच आहेत, घरातच आहेत. मुंबईत थिएटरांवर हल्ले झाले, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. नाच्याच्या सिनेमावर कधी कुणी दगड मारला होता का? नाही. नाच्यापासून आपल्याला भीती नव्हती, कारण तो खोटा होता. त्या दोघी खऱ्या होत्या.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. सोंग बाजूला ठेवून ज्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं त्यांच्याकडे. इथंही एक अडचण दिसते, आणि ती व्याकरणाची आहे.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. सुमित्रा देव नावाच्या कॉलेजकन्यकेची ही गोष्ट. तिला सगळे मित्रा म्हणतात. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. मित्राचं प्रेम नमा या मुलीवर बसतं. आणि कसं बसतं पाहा. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, तेव्हा. म्हणजे तेंडुलकरांनी सगळी परंपरा उलटी केली. आपल्याकडे सोंग स्वरूप झाकतं, इथं सोंग घेतल्यावर स्वरूप सापडतं. १९८१ साली हे लिहायला छाती लागते.

पण या नाटकाचं नाव पुन्हा एकदा म्हणून बघा. 'मित्राची गोष्ट'. मित्रा या मुलीची गोष्ट, असा अर्थ होतो. आणि मित्र या शब्दालाही 'ची' लागला की 'मित्राची' होतं, म्हणजे एका मित्राची गोष्ट. हा दुसरा मित्र कोण? बापू. नाटक बापू सांगतो. बुजरा, सरळ, तिच्यावर मुकाट जीव लावणारा. मित्राचं दुःख आपल्यापर्यंत येतं ते बापूच्या तोंडून. आणि शेवटी ती जीव देते, बापू उरतो. तिची गोष्ट सांगायला तो उरतो असं म्हणा, किंवा ती गेली म्हणून गोष्ट त्याची झाली असं म्हणा. तेंडुलकरांसारख्या नाटककारानं हे नाव सहज ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

हा बापू पुढं आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतो. अमोल पालेकरांचा 'थांग', २००६. धाडसी सिनेमा. त्यात बायकोला कळतं की नवऱ्याचं एका पुरुषावर प्रेम आहे. पण सिनेमा बायकोचा आहे. धक्का तिला, प्रश्न तिचे, थांग तिला लावायचा आहे. त्याच वर्षी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मौजेनं काढली. इथं मात्र एक पाऊल पुढं पडलं. पुण्यातलं घर, भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. तनय स्वतः बोलतो, 'मी' म्हणतो. माझ्या मते मराठी कादंबरीत ही मोठी घटना होती. पण २०२२ मध्ये तिच्यावरचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तेव्हा गोष्ट पुण्याहून उठून केरळात कोचीला गेली आणि हिंदीत बोलायला लागली. कारणं व्यवसायाची असतील, मी त्यात पडत नाही. एक वाचक म्हणून एवढंच म्हणतो, की मराठी मुलाला मराठीत 'मी' म्हणायला पडदा त्याही वेळी मिळाला नाही.

या 'मी'वर मी इतका का अडलोय? व्याकरणात प्रथमपुरुष, द्वितीयपुरुष, तृतीयपुरुष असतो. मी, तू, तो. ज्या माणसांना आपण तृतीयपंथी म्हणतो, त्यांच्याबद्दल आपण बोलतोही नेहमी तृतीयपुरुषातच. ते असे असतात, ते तसे करतात. त्यातून आपल्या मराठीची एक खास गोष्ट. इथून पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलात की तेलुगू लागते. तेलुगूत बाई असो की बाप्या, 'मी गेलो' हे दोघांनाही एकाच क्रियापदानं सांगता येतं. मराठीत नाही येत. 'मी गेलो' किंवा 'मी गेले'. तोंड उघडलं की ठरवावं लागतं. तुम्हाआम्हाला हे जाणवत नाही. पण ज्याला जग 'गेलो' म्हणायला लावतं आणि आतून 'गेले' उमटतं, त्याच्यासाठी दिवसातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक तर सोंग, नाहीतर धाडस.

हे धाडस पडद्याच्या आधी पुस्तकांनी केलं. आणि त्याला आपल्याकडे परंपराही आहे. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय यायचा. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले. पण वाचकानं विचारायचं आणि त्याला सरळ उत्तर मिळायचं, हा हक्क त्या दोघांनी मानला होता. पुढं बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आली. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' आलं. या नावात 'मी' दोनदा आहे आणि क्रियापद एकदाही नाही. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह आला. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून स्वतःच्या नावासारखा वापरायचा, हे या पुस्तकांनी केलं.

पडदा मागून येत होता. २०२३ च्या १५ ऑगस्टला 'ताली' ही मालिका आली. गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची. तृतीयपंथीयांना कायद्यानं ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल, त्या लढ्यातल्या एक याचिकाकर्त्या गौरी सावंत. आणि दिग्दर्शक कोण? रवी जाधव. 'नटरंग'चे, 'बालगंधर्व' सिनेमाचे तेच रवी जाधव. लादलेल्या लुगड्यापासून कलेच्या लुगड्याकडे आणि तिथून स्वतःहून नेसलेल्या लुगड्यापर्यंत, एका दिग्दर्शकाचा हा तेरा वर्षांचा प्रवास. मला तो महत्त्वाचा वाटतो. भूमिका मात्र सुष्मिता सेन यांनी केली. त्यावर बरीच चर्चा झाली.

माझं मत सांगतो. अभिनय म्हणजेच सोंग. तृतीयपंथीयाची भूमिका तृतीयपंथीयानंच करावी असा नियम केला तर उद्या राजाची भूमिका करायला राजा शोधावा लागेल. सुष्मिता सेन यांनी काम मन लावून केलंय. पण दार दोन्ही बाजूंनी उघडं हवं. सुष्मिता सेन गौरी होऊ शकतात, तर एखादी तृतीयपंथी अभिनेत्री मालिकेत कुणाची सून, कुणाची शिक्षिका, कुणाची आई होऊ शकते का? जोवर ते होत नाही तोवर 'अभिनय म्हणजे सोंग' हा युक्तिवाद एकाच बाजूच्या सोयीचा राहतो.

आणि आता शेवटचा सिनेमा. 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं, आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. नाव ऐकूनच मला आमच्या बांधावरची काटेरी निवडुंगं आठवली. वरून काटे, आत लालभडक गोड गर. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. नातेवाईक विचारतात, लग्न कधी? गावात बाळ्या आहे, लहानपणचा सोबती, शेती करणारा. त्यालाही लग्नासाठी घरचे मागं लागलेत. एवढीच गोष्ट.

मी हा सिनेमा पाहत असताना कशाची तरी वाट पाहत होतो. नंतर लक्षात आलं, मी विनोदाची वाट पाहत होतो, नाहीतर मरणाची. पन्नास वर्षांची सवय. अशी माणसं पडद्यावर आली की एक तर हसवणार नाहीतर मरणार. इथं मरण आहे, पण ते बापाचं आहे, कुठल्याही घरात येतं तसं. आनंदची आई साधी बाई आहे. तिला मुलगा कळलेला आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे, भाषण न देता. दोघा पुरुषांपैकी कुणी मान वेळावत नाही, कुणी हात नाचवत नाही. दोघं झाडाखाली पडलेत, शेळ्या चरताहेत. आणि त्या सबंध सिनेमात 'यातली नवरी कोण' हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कटिंगच्या दुकानातल्या त्या माणसाला शेजारी बसवून हा सिनेमा दाखवावा, असं मला फार वाटलं. तो शेतकरी माणूस होता. बाळ्या त्याला माझ्यापेक्षा आधी कळला असता.

कानवडे स्वतः समलिंगी आहेत आणि हे ते उघड सांगतात. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दिवसांतून त्यांना हा सिनेमा सुचला. म्हणजे इथं बापू मध्ये नाही. गोष्ट ज्याची आहे तोच ती सांगतोय. आणि ती मराठीत सांगतोय, खेड्यातल्या मराठीत. इंग्रजी शिकलेल्या शहरी लोकांचं हे खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांना यापरतं उत्तर नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याचा एक विचार मी तीस वर्षं वर्गात शिकवला. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. फळ्यावर लिहायला सोपं वाक्य. आज जे सिनेमे सांगितले त्यांना हे वाक्य लावून बघा. नाच्या हे हशाचं साधन. 'थांग'मधला नवरा हे बायकोच्या आत्मशोधाचं साधन. मित्रा हे बापूच्या पश्चात्तापाचं साधन, आणि मी हे तेंडुलकरांबद्दलचा सगळा आदर ठेवून म्हणतोय. 'साबर बोंडं'मधले दोघं कुणाचं साधन नाहीत. म्हणून तो मला या सगळ्या वाटेवरचा मैलाचा दगड वाटतो. एका सिनेमानं सगळं बदललं असं मी म्हणत नाही. विनोदी कार्यक्रम उद्याही लागणार आणि त्यात साडीतला पुरुषही येणार. कायद्याचंही तसंच. २०१८ ला गुन्हा पुसला गेला, पण २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे यवतमाळचं ते लग्न कायद्याच्या कागदावर आजही लग्न नाही.

तुम्ही काय करायचं? बनवाबनवी बघू नका, असं मी सांगणार नाही. मीच बघणार आहे! फक्त हसताना एकदा शेजारी पाहा. तिथं कोण बसलंय, आणि तो हसतोय का. आणि कुठलाही सिनेमा, मालिका, नाटक पाहिलं की एक साधा प्रश्न विचारा. या गोष्टीत त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं 'मी' म्हणता आलं का, की त्याच्या वतीनं दुसरंच कुणी बोललं?

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वतीनं मागच्या बाकावरचा कुणीतरी बोलला होता, आणि मास्तरनं ते चालवून घेतलं. तो आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. कदाचित हे बोलणं रेकॉर्ड होऊन त्याच्यापर्यंत जाईल, कदाचित नाही. गेलंच तर, बाबा, त्या दिवशी तुझं नाव घेतल्यावर मी थांबायला हवं होतं. 'हजर' तू म्हणायचं होतंस, किंवा 'हजर आहे', किंवा तुला हवं ते. मी तुझा आवाज ऐकायला हवा होता.

इथं शिक्षक बसले आहेत, आईबाप बसले आहेत. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी हजेरी देऊ पाहत असेल तर एवढंच करा. ज्याचं नाव घेतलंय त्यालाच बोलू द्या.

थांबतो.